राशी आणि उष्मांक : पथ्याच्या ताटाचा हिशोब

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही नावे प्रत्येक वैद्याला मुखोद्गत असतात. परंतु प्रत्यक्ष व्यवहारात या आठांपैकी राशीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. पथ्यापथ्य सांगताना आपण द्रव्याची प्रकृती पाहतो, संस्कार पाहतो, विरुद्ध संयोग टाळतो, ऋतूचा विचार करतो. राशीबाबत मात्र चिठ्ठीवर ‘हलका आहार, बेताने’ एवढेच लिहिले जाते. बेताने म्हणजे किती, हे ठरवण्याचे काम रुग्णावर सोपवलेले असते.

आचार्यांनी राशीचे दोन प्रकार केले आहेत. सर्वग्रह म्हणजे संपूर्ण आहाराचे एकत्रित परिमाण, आणि परिग्रह म्हणजे त्यातील प्रत्येक द्रव्याचे स्वतंत्र परिमाण. आजचा आहारशास्त्रज्ञ जेव्हा रुग्णाच्या दिवसभराच्या एकूण उष्मांकांची बेरीज करतो आणि त्यात धान्य, डाळ, तेल, दूध यांचा वाटा वेगळा काढतो, तेव्हा तो हेच दोन हिशोब करत असतो. प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. पथ्य म्हणून एखादे द्रव्य बंद करताना त्याबरोबर रुग्णाची किती ऊर्जा बंद झाली आणि ती दुसऱ्या कोणत्या द्रव्यातून भरून काढली, या दोन प्रश्नांची उत्तरे वैद्याकडे असावीत, एवढेच येथे मांडायचे आहे.

ऊर्जेची गरज कशी ठरते?

एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. मराठीत रूढ झालेला ‘उष्मांक’ हा शब्द या लेखात त्याच अर्थी वापरला आहे. श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, हे फ्रान्समध्ये लव्हाझिए आणि लाप्लास यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गिनीपिगवरील प्रयोगांनी दाखवले. पुढे अमेरिकेत ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसाला बसता-झोपता येईल एवढ्या बंदिस्त उष्णतामापक कक्षात ठेवून अन्नातून मिळणारी व शरीरातून बाहेर पडणारी ऊर्जा मोजली. त्यांनी रूढ केलेले अंक आजही वापरात आहेत : एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून ४, एक ग्रॅम प्रथिनातून ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ उष्मांक.

शरीराचा ऊर्जाव्यय तीन वाटांनी होतो. पूर्ण विश्रांतीत, उपाशीपोटी, जागेपणी निश्चल पडून असतानाही हृदय, मेंदू, यकृत, वृक्क यांचे कार्य आणि शरीराची उष्णता राखण्यासाठी जी ऊर्जा लागते, ती आधारभूत चयापचयाची ऊर्जा. या चार अवयवांचे एकत्रित वजन शरीराच्या पाच-सहा टक्क्यांहून अधिक नसते, पण आधारभूत व्ययातील निम्म्याहून अधिक वाटा त्यांचा असतो. दुसरी वाट अन्न पचवून शोषण्याची. मिश्र आहारात ती साधारण दहा टक्के धरतात. तिसरी हालचालीची व श्रमाची. माणसामाणसांत सर्वाधिक फरक पडतो तो हिच्यामुळेच.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१० च्या अहवालात भारतीयांसाठी सोपी सूत्रे दिली आहेत. ३० ते ६० वर्षे वयाच्या पुरुषाचे वजन किलोग्रॅममध्ये घेऊन त्यास १०.९ ने गुणावे व ८३३ मिळवावेत. त्याच वयाच्या स्त्रीसाठी ८.३ ने गुणून ७८८ मिळवावेत. आलेला अंक म्हणजे दिवसाचा आधारभूत व्यय. बैठे काम करणाऱ्यासाठी त्याची सुमारे दीडपट, मध्यम श्रम करणाऱ्यासाठी १.८ पट आणि जड श्रम करणाऱ्यासाठी २.३ पट ही एकूण गरज. २०२० च्या सुधारित अहवालात आधारभूत दर आणखी थोडा कमी धरला आहे. त्यानुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषास बैठ्या कामासाठी २११०, मध्यम श्रमासाठी २७१० व जड श्रमासाठी ३४७० उष्मांक, तर ५५ किलो वजनाच्या स्त्रीस अनुक्रमे १६६०, २१३० व २७२० उष्मांक लागतात. गर्भिणीस यात ३५० आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत स्तन्यपान देणाऱ्या मातेस ६०० उष्मांक अधिक हवेत. सूतिकेच्या आहारातून एकेक पदार्थ वगळत नेणाऱ्या घरच्या वडीलधाऱ्यांना हा ६०० चा आकडा आपणच समजावून सांगितला पाहिजे.

गुरू-लघू आणि उष्मांक ही दोन वेगळी मापे

जाठराग्नी म्हणजेच आधारभूत चयापचय, असे समीकरण अनेक व्याख्यानांतून मांडले जाते. ते मला मान्य नाही. अग्नी ही संकल्पना पचन, धातुपरिणमन, बल, वर्ण, ओज यांना व्यापणारी आहे. तिला एका अंकात बसवल्याने ना अग्नी समजतो ना चयापचय. तसेच लघू म्हणजे कमी उष्मांकांचे व गुरू म्हणजे जास्त उष्मांकांचे, ही समजूतही टिकत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या, सर्वपरिचित कोष्टकानुसार शंभर ग्रॅम मुगाच्या डाळीत ३४८ आणि शंभर ग्रॅम उडदाच्या डाळीत ३४७ उष्मांक आहेत. ऊर्जेच्या तराजूत दोन्ही सारख्या. तरीही मूग लघू व उडीद गुरू, हे शास्त्रवचन आणि आपला रोजचा अनुभव दोन्ही सांगतात. साळीच्या लाह्या लघू. पण वजनास वजन घेतल्या तर त्यांतील ऊर्जा तांदळाच्या जवळपासच असते. फरक इतकाच की ओंजळभर लाह्यांचे वजन फार थोडे भरते.

यातून चिकित्सेस उपयोगी असा निष्कर्ष निघतो. आहार लघू ठेवूनही तो ऊर्जेने पुरेसा करता येतो. आचार्यांना हे ज्ञात होते, याचा पुरावा सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायात आहे. अतिस्थूलासाठी गुरू परंतु अपतर्पण करणारे, आणि अतिकृशासाठी लघू परंतु संतर्पण करणारे द्रव्य योजावे, असा तेथे निर्देश आहे. गुरुत्व आणि संतर्पण हे एकच असते, तर या वाक्यास अर्थच उरला नसता.

एका चिठ्ठीचा हिशोब

समजा, पस्तीस वर्षांची, ४५ किलो वजनाची, शेतमजुरी करणारी स्त्री अग्निमांद्य, जेवणानंतर पोट जड राहणे आणि अनियमित मलप्रवृत्ती अशा तक्रारी घेऊन आली. आपण औषध दिले आणि पथ्य सांगितले : मऊ भात, मुगाचे वरण, दिवसातून एक भाकरी, वाफवलेली भाजी, दोन वेळा ताक. तेल, तूप, शेंगदाणे, कडधान्ये बंद. चहा सुटत नसल्यास दोन कप. अशी चिठ्ठी आपल्यापैकी प्रत्येकाने लिहिलेली आहे आणि तीत शास्त्रविरुद्ध असे काही नाही.

आता बेरीज पाहू. कच्चे तांदूळ १५० ग्रॅम म्हणजे ५२० उष्मांक. मुगाची डाळ ४० ग्रॅम, १४०. ज्वारीची एक भाकरी, पीठ ६० ग्रॅम, २१०. पातळ ताक दोन पेले, ६०. दूध-साखरेचा चहा दोन कप, १००. भाजी ४०. एकूण १०७०. वरील सूत्राने तिचा आधारभूत व्यय ११६० च्या आसपास येतो. म्हणजे ती दिवसभर अंथरुणावर पडून राहिली असती तरी हा आहार अपुरा पडला असता. आणि ती तर खुरपणीला जाते. तिची गरज २००० च्या घरात आहे. रोजची तूट ९०० उष्मांकांहून अधिक.

मेदाच्या एक किलो ऊतीत साधारण ७७०० उष्मांक साठवलेले असतात असे धरले, तर कागदावर महिन्याला साडेतीन किलो वजन घटेल. प्रत्यक्षात एवढे घटत नाही, कारण शरीर व्यय आवरते आणि तीही काम कमी करते, दुपारी बसून राहते, मजुरी चुकवते. जे घटते त्यात केवळ मेद नसतो, मांसधातूही असतो. मुळात ४५ किलोच्या देहात मेदाचा साठा तरी किती असणार! या चिठ्ठीत ‘तेल, तूप, शेंगदाणे बंद’ या चार शब्दांनी, घरातील नेहमीचे २० ग्रॅम तेल आणि ४० ग्रॅम शेंगदाणे धरले तरी, ४०० उष्मांक काढून घेतले. त्यांच्या जागी काहीही आले नाही.

हीच चिठ्ठी लघुत्व न बिघडवता सुधारता येते. जेवणाच्या दोन वेळांऐवजी चार वेळा कराव्यात. एक भाकरी वाढवावी (२१०), तांदूळ ५० ग्रॅम वाढवून त्याचा मऊ भात तिसऱ्या वेळेस द्यावा (१७०), मुगाची डाळ ३० ग्रॅम वाढवावी (१०५), सकाळी ३० ग्रॅम लाह्या (१००) व १५ ग्रॅम गूळ (५५) द्यावा. भातावर दिवसभरात मिळून तीन चहाचे चमचे तूप (१३५) आणि भाजी-आमटीच्या फोडणीस २० ग्रॅम तेल (१८०) ठेवावे. ही भर ९५५ उष्मांकांची होते. एकूण २०२५. योग्य मात्रेतील घृत हे अग्निदीपन करणारे आहे, हे आपणास कोणी सांगावयास नको. तरीही चिठ्ठीवर ‘तूप बंद’ असे लिहिण्यास हात का धजावतो, याचा शोध घ्यावयाचा तर तो आपल्या ग्रंथांत नव्हे, गेल्या चार-पाच दशकांतील स्निग्ध पदार्थांविषयीच्या भीतीत घ्यावा लागेल.

येथे प्रथिनांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. २०२० च्या अहवालानुसार प्रौढास दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. अशक्त रुग्णास प्रथिनांच्या भुकटीचे डबे लिहून देण्याचा प्रघात हल्ली आपल्याकडेही आला आहे. परंतु एकूण ऊर्जा तुटीत असेल तर शरीर त्या प्रथिनांतील मोठा भाग धातुनिर्मितीसाठी न वापरता इंधन म्हणून जाळते. चुलीत सरपण नाही म्हणून सागवानी दाराची फळी घालावी, तसा हा प्रकार. आधी भाकरी आणि तूप, मग भुकटी. आणि बहुधा तोवर भुकटीची गरज उरत नाही.

लंघनाची सीमा

उपवासाच्या पहिल्या दिवसात यकृतातील शर्करेचा साठा, जो सुमारे शंभर ग्रॅमच असतो, बव्हंशी संपतो. त्यानंतर मेंदूची शर्करेची गरज भागवण्यासाठी स्नायूंतील प्रथिने मोडली जातात. काही दिवसांनी मेदापासून तयार होणारी द्रव्ये मेंदू वापरू लागतो व मांसक्षय मंदावतो, पण थांबत नाही. ज्वरात ही गती आणखी वाढते. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की आधारभूत व्यय दहा ते तेरा टक्क्यांनी वाढतो. नवज्वरात लंघन ही आपली प्रथम चिकित्सा आहे आणि तिच्या उपयुक्ततेविषयी मला शंका नाही. साम अवस्थेत रुग्णास भूकच नसते. प्रश्न आहे तो कालमर्यादेचा. चरकाचार्यांनी ज्वरचिकित्सेत लंघनानंतर यवागूंचा क्रम सांगताना ज्वर मृदू होईपर्यंत किंवा सहा दिवस अशी स्पष्ट मर्यादा घातली आहे. तीन आठवड्यांच्या विषमज्वरात ‘ताप आहे तोवर पेज’ हा नियम त्यांचा नव्हे, आपला आहे.

पाश्चात्त्य वैद्यकानेही हा प्रमाद दीर्घकाळ केला. ज्वरिताला उपाशी ठेवण्याच्या रूढीविरुद्ध डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्ह्ज एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बोलत होते. तरी आंत्रज्वराच्या रुग्णास भरपूर उष्मांकांचा आहार देणे हितकर ठरते, हे न्यूयॉर्कमध्ये कोलमन आणि ड्यूबॉइस यांनी मोजमापासह दाखवेपर्यंत विसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडले.

पेज किती ऊर्जा देते, हेही एकदा पाहून ठेवावे. परिभाषेप्रमाणे ५० ग्रॅम तांदळाची चौदा पट पाण्यात पेया केली, तर आटून सुमारे ६०० मिलिलीटर उरते. त्या सगळ्या पातेल्यात १७५ उष्मांक आहेत. दीडशे मिलिलीटरच्या वाटीत चाळीस-पंचेचाळीस, म्हणजे कपभर चहाइतके. मंडात शिते गाळून काढलेली असल्याने त्याहूनही कमी. चार पट पाण्यातील विलेपीच्या तेवढ्याच वाटीत मात्र शंभराहून अधिक उष्मांक येतात. शोधनानंतरचा संसर्जनक्रम या दृष्टीने पाहिला की त्याची रचना उलगडते. प्रधान शुद्धीनंतर तीन अन्नकाल पेया, तीन विलेपी, मग अकृत व कृत यूष आणि मांसरस, अशा बारा अन्नकालांत ऊर्जा व प्रथिने पायरीपायरीने चढत जातात आणि सात दिवसांत रुग्ण प्रकृतिभोजनावर येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपासमारग्रस्तांना एकदम भरपेट जेवण मिळाल्यावर रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम यांचे प्रमाण घसरून काही जण दगावले. आज प्रत्येक अतिदक्षता विभागात हा धोका ओळखला जातो. क्रमाने चढावे हे संसर्जनाचे तत्त्व तेथेही लागू पडते. मात्र ही चढण आहे, मुक्काम नव्हे. पेयेच्या पायरीवर रुग्णास महिनाभर बसवून ठेवण्यास कोठेही आधार नाही.

दीर्घकाळ अर्धपोटी राहिलेल्या शरीराचे काय होते, याचा सर्वांत तपशीलवार अभ्यास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये केला. ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे दिवसाला सुमारे १६०० उष्मांकांवर ठेवले गेले. त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले. आधारभूत व्यय सुमारे चाळीस टक्क्यांनी खाली आला, नाडी मंदावली, थंडी सोसेना, थकवा, चिडचिड, उदासीनता वाढली आणि मन सतत अन्नातच घोटाळू लागले. ही लक्षणे आपल्यासमोर आली तर आपण काय निदान करू? शीतासहिष्णुता, दौर्बल्य, उत्साहहानी पाहून वातवृद्धी आणि अग्निमांद्य म्हणू. त्यात गैर काही नाही. पण त्यावर पथ्य आणखी कडक केले, तर उपासमारीचे लक्षण हेच उपासमारीचे कारण बनते. ग्रहणीचिकित्सेच्या अध्यायात अग्निदुष्टीची कारणे मोजताना आचार्यांनी अजीर्ण व अतिभोजन यांच्याही आधी अभोजनाचे नाव घेतले आहे. हा क्रम वाचताना आपण सहसा थांबत नाही.

राजयक्ष्म्याच्या बाबतीत तर हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात क्षयाची नेहमीची औषधे घेणाऱ्या २८०० रुग्णांना सहा महिने रोज १२०० उष्मांक व ५२ ग्रॅम प्रथिने देणारा शिधा दिला गेला. पाचांतील चारांहून अधिक रुग्ण आरंभी कृश होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी आढळला. निम्म्या गटांतील रुग्णांच्या घरच्या माणसांनाही शिधा दिला होता. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण इतर घरांच्या तुलनेत ३९ टक्क्यांनी कमी राहिले. २०२३ साली प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष वाचल्यावर, क्षयाच्या रुग्णास मांसरस, घृत, दूध सांगणाऱ्या आपल्या ग्रंथांचा अभिमान वाटतो. अभिमानाबरोबर आपल्या चिठ्ठ्याही तपासाव्यात. क्षयाच्या औषधांनी मळमळते म्हणून आलेल्या रुग्णास आपण ‘पित्त आहे, हलके खा’ म्हणून परत पाठवतो का, ते पाहावे.

स्थौल्यात चूक उलट दिशेने होते. तेथे ‘एकादशी करतो’ असे सांगणारा रुग्ण लंघन करत असतो असे नाही. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचे कूट, १५ ग्रॅम तूप आणि थोडा बटाटा घातलेल्या खिचडीच्या एका बशीत साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात. उपवास सोडताना वरण-भात वेगळा.

रुग्णास काय विचारावे?

‘काल काय खाल्ले?’ या प्रश्नाचे उत्तर रुग्ण आपल्याला आवडेल असे देतो. त्यापेक्षा वाणसामानाविषयी विचारावे. घरात माणसे किती आणि महिन्याला तेल किती लागते? पाच माणसांत पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी दिवसाला तीस ग्रॅम, म्हणजे २७० उष्मांक केवळ तेलातून. स्थूल रुग्णाच्या घरी हाच आकडा सहज दुप्पट निघतो, तर मजुराच्या घरी निम्मा. धान्य किती विकत आणता, किती स्वस्त धान्य दुकानातून मिळते? अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीस महिन्याला पाच किलो धान्य मिळते. दिवसाला १६७ ग्रॅम, सुमारे ५७५ उष्मांक. मध्यम श्रमाच्या गरजेचा हा चतुर्थांशच. उरलेले कोठून येते, या प्रश्नाच्या उत्तरात पुष्कळदा रोगाचा हेतू सापडतो.

प्रत्येक भेटीत रुग्णाचे वजन, शक्यतो एकाच काट्यावर, घेऊन ते पथ्याशेजारी लिहावे. जो मुळात स्थूल नाही, त्याचे वजन महिन्याभरात दोन किलोंनी उतरले, तर औषध बदलण्यापूर्वी पथ्याची बेरीज पुन्हा करावी. मधुमेह, कर्करोग, क्षय किंवा अवटु ग्रंथीचे विकार यांमुळेही वजन उतरते. पथ्यातील तूट आधी हिशोबातून दूर केली असेल, तरच त्यांची शंका वेळेवर घेता येते. अन्यथा ‘पथ्यामुळे उतरले’ असे म्हणून रुग्ण आणि वैद्य दोघेही महिना दोन महिने थांबून राहतात.